पाठकोरा कागद

कोल्हापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका लॉजवर एक रात्र काढली. सकाळी निघताना बिल मागितलं. काउंटरवरच्या पोराने गल्ल्याशेजारच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला, त्यावर बॉलपेनने रूम, जादा गादी, गरम पाण्याची बादली असं लिहून खाली बेरीज मारली आणि शिक्का ठोकून दिला. बसमध्ये बसल्यावर कंडक्टरला सुटे द्यायला खिसा चाचपला, तेव्हा तो कागद बाहेर आला आणि उलटा झाला. मागच्या बाजूला कुणा एका गृहस्थांचं आधार कार्ड होतं. झेरॉक्समध्ये चेहरा काळवंडून गेलेला, बाकी सगळं मात्र स्वच्छ वाचता येत होतं: नाव, सांगली जिल्ह्यातलं गाव, बारा आकडे आणि जन्मतारीख, १ जून.

१ जून पाहून हसू आलं. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच असतो. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की गुरुजी त्याला पटावर घेत आणि वयाचा हिशेब जुळेल अशी तारीख टाकत. आज बँकेच्या फोनवर ‘तुमची ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख सांगा’ म्हणतात, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांची ओळख खरं तर कुठल्यातरी हेडमास्तरांच्या अंदाजाने पटत असते. असो. तारीख खोटी असली तरी नंबर खरा होता आणि तो माझ्या खिशात होता.

लॉजवाल्याचा मला राग आला नाही. पाठकोरे कागद फुकट घालवायचे नाहीत, ही आपल्याकडची जुनी शिस्त. माझी आई लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला किराण्याच्या याद्या करायची. त्या पोराच्या लेखी तो गठ्ठा पाठकोऱ्या कागदांचाच होता. आपल्या हाताखाली चारपाचशे माणसांची ओळखपत्रं आहेत असं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आणि सांगणार तरी कोण? घेताना ‘आधार द्या’ एवढंच म्हणायचं आणि देणाऱ्यानेही ‘कशाला?’ असं विचारायचं नाही, अशी या व्यवहाराची रीतच पडून गेली आहे.

प्रवासाला निघणाऱ्याला आपण कागदपत्रांबद्दल जो उपदेश करतो तो सगळा पाकीटमाराला समोर ठेवून केलेला असतो. पैसे दोन ठिकाणी ठेव, ओरिजिनल घेऊन फिरू नको, गर्दीत बॅग पोटाशी धर. चोरखिसाही त्यासाठीच. यात चुकीचं काही नाही. पण चोरी झालेली निदान कळते. पाकीट गेलं की माणूस पोलिसांत जातो, कार्डं बंद करतो. झेरॉक्स जाते तेव्हा मूळ कागद चोरखिशात सुखरूप असतो आणि आपण निर्धास्त. जो उंबरा ओलांडताना आपण चोराच्या भीतीने बॅग चाचपतो, त्याच उंबऱ्याच्या आत दोन मिनिटांनी तीच बॅग उघडून सगळं स्वतःहून काउंटरवर ठेवतो. हल्ली तर झेरॉक्सचाही त्रास नाही. कोकणात होमस्टे घ्यायचा तर आदल्या दिवशीच निरोप येतो, ‘सगळ्यांचे आधार व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा’. मग आई, बायको, पोरं सगळ्यांची कार्डं एका अनोळखी माणसाच्या फोनमध्ये, त्याच्या आंब्याच्या पेट्यांच्या आणि भाच्याच्या बारशाच्या फोटोंच्या मधोमध जाऊन बसतात. तो फोन उद्या दुरुस्तीला जातो, परवा विकला जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की ओळखपत्र दाखवणं आणि ओळखपत्र ठेवून घेणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजत आलो. समोरचा माणूस तोच आहे ना, हे कार्ड पाहिलं की कळतं. प्रत ठेवल्याने त्यात काडीची भर पडत नाही. उलट काळवंडलेल्या झेरॉक्सवर चेहरा जुळवायचा म्हटलं तर सख्खा भाऊही ओळखू येणार नाही. प्रतीने वाढते ती एकच गोष्ट: ती प्रत पुढे कुणाच्या हातात जाईल याची शक्यता.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं ते असं की हे खाजगीपणाचं खूळ आपलं नाही. आपण तर रेल्वेत बसल्या बसल्या ‘गाव कुठलं, मुलं किती, पगार किती’ विचारणारी माणसं. ते खरंच आहे. डब्याच्या दाराशी आरक्षणाचा तक्ता चिकटवलेला असायचा, त्यावर प्रत्येक प्रवाशाचं नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ नंबर. आपलं नाव शोधताना शेजारी कोण येणार हेही वाचून घ्यायचं, हा प्रवासाचाच भाग होता. एकटी प्रवास करणारी बावीस वर्षांची मुलगी कुठल्या बर्थवर आहे हे स्टेशनातल्या कुणालाही वाचता येत होतं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मार्च २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर हे तक्ते लावणं प्रायोगिक म्हणून थांबवलं गेलं, तेही कागद वाचवण्यासाठी. कागद वाचता वाचता ती मुलगीही वाचली.

पण ‘आपण मोकळी माणसं’ हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही, कारण नोंद ठेवण्याची आपली एक फार जुनी आणि फार वेगळी रीत मी पाहिली आहे. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग माळ्यावरून लांबट वही निघते. तीत तुमच्या आजोबांनी, पणजोबांनी कधी यात्रेला आल्यावर स्वतःच्या हाताने केलेली नोंद असते: सोबत कोण होतं, कुणाच्या अस्थी होत्या, घरात मुलं किती. मोडीतली सही पाहून माझ्या काकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आठवतं. प्रवाशाची माहिती पिढ्यान्‌पिढ्या साठवणारी ही वही म्हणजे आजच्या भाषेत प्रचंड मोठा डेटाबेसच. पण तिच्या अटी बघा. नोंद तुम्ही स्वतः करता. ती कुणाकडे आहे हे तुम्हाला ठाऊक असतं आणि ज्याच्याकडे आहे त्यालाही तुम्ही ठाऊक असता. पन्नास वर्षांनी तुमचा नातू जाऊन ती बघायला मागू शकतो. वही सांभाळणं हीच त्या घराण्याची उपजीविका, त्यामुळे तिच्या पानावर कुणी बिल लिहून देत नाही.

रेल्वेतल्या गप्पांचंही तेच. त्याने मला पगार विचारला की मीही त्याला त्याचा विचारतो. लॉजवाल्याला मी ‘तुमचंही आधार दाखवा’ असं म्हणून पाहावं, असं कधीकधी मनात येतं.

आता कायदा काय म्हणतो? प्रवाशांची नोंद ठेवण्याची सक्ती इंग्रजांपासूनची आहे. १८६७ च्या सराई कायद्यात, दंडाधिकाऱ्याने मागणी केल्यास सराईत उतरलेल्या माणसांचा अहवाल देण्याचं बंधन सराईवाल्यावर घातलं होतं. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, हे गोव्यातल्या प्रत्येक गेस्ट हाउसवाल्याला पाठ असतं. याशिवाय शहराशहरांतले पोलीस वेळोवेळी आदेश काढतात, त्यांत रजिस्टर ठेवा असं असतं आणि कुठे कुठे ओळखपत्राची प्रत घ्या असंही असतं. म्हणून काउंटरवर वाद घातला की एकच उत्तर मिळतं, ‘पोलीस विचारतात हो’. ते खोटं नसतं.

दुसऱ्या बाजूने आधारचा कायदा पाहिला तर चित्र उलटं दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मोकळीक देणारी तरतूद रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने आधार दाखवायची वाट उघडली, पण त्याच दुरुस्तीत असंही लिहिलं आहे की अशी ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक गोळा करायचा नाही, वापरायचा नाही आणि साठवायचाही नाही. म्हणजे पाहा, ठेवू नका. मी वर जे म्हटलं ते संसदेने आधीच म्हणून ठेवलेलं आहे.

मग मे २०२२ मध्ये जे घडलं ते एखाद्या फार्ससारखं होतं. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे रोजी पत्रक काढलं: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना आधारच्या प्रती गोळा करण्याची किंवा ठेवण्याची परवानगी नाही, शेवटचे चारच आकडे दाखवणारं झाकलेलं आधार वापरा. इतकं सरळ वाक्य सरकारी कागदावर क्वचित वाचायला मिळतं. लोकांनी ते वाचलं आणि साहजिकच घाबरून विचारलं, इतकी वर्षं वाटल्या त्या झेरॉक्सांचं काय? दोन दिवसांत, २९ मे रोजी, पत्रक मागे घेण्यात आलं. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे, आधारधारकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, एवढंच नवं सांगणं. नेहमीची खबरदारी म्हणजे काय, हे रात्री अकराला काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने ठरवायचं. खरी गोष्ट सांगून सरकार दोन दिवसांत घाबरलं, आणि त्या भीतीची जबाबदारी प्रवाशाच्या खांद्यावर टाकून मोकळं झालं.

सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ पाहिलं, पुण्याने फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरी पाहिली. त्यानंतर लॉजच्या काउंटरवर कडकपणा आला तो उगाच नाही. पण २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली आठवा. तो इथे पुनःपुन्हा आला, हॉटेलांत राहिला आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे खराखुरा अमेरिकन पासपोर्ट होता. दाऊद गिलानी हे मूळ नाव त्याने २००६ मध्ये अमेरिकेत कायदेशीर मार्गाने बदलून घेतलं होतं. त्याच्या पासपोर्टच्या शंभर झेरॉक्स काढल्या असत्या तरी त्या शंभरही अस्सल निघाल्या असत्या. घटना घडून गेल्यावर तपासाला नोंद लागते, हे मान्य. त्यासाठी नाव, पत्ता, तारीख, ओळखपत्राचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे रजिस्टरात पुरतात. संपूर्ण कार्डाचं चित्र गठ्ठ्यात ठेवून पोलिसांच्या हाती त्याहून जास्त काय लागतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चोराच्या हाती मात्र पुष्कळ लागतं. दुसऱ्याच्या कागदांवर सिमकार्ड काढणं हा जुना धंदा. तो इतका पसरला की आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत हे तपासण्याची सोय दूरसंचार खात्याला ‘संचार साथी’वर द्यावी लागली. स्वतःच्या नावावर एका माणसाला नऊ सिम घेता येतात. दोनच घेतली असतील तर उरलेल्या सातांची जागा दुसऱ्या कुणासाठी मोकळीच. एखाद्या निवांत दुपारी तिथे बघून घ्या. २०२२ च्या सुरुवातीला कित्येक लोकांना कळलं की त्यांच्या पॅनवर एका झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमधून भलत्याच कुणीतरी कर्ज उचललं आहे. कोणाचा कागद कुठून फुटला हे अशा वेळी शोधता येत नाही, आणि म्हणूनच कागद सांभाळणाऱ्याला त्याची कधी झळ लागत नाही.

आणि हे फक्त स्टँडमागच्या लॉजचं दुखणं नाही. मॅरियट या जगड्व्याळ हॉटेल समूहाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांनी विकत घेतलेल्या स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासून कुणीतरी शिरलेलं होतं. पन्नास लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक तिथे कुलूपबंद न करता उघडे ठेवलेले निघाले. एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांचे तपशील, काहींचे पासपोर्ट क्रमांक धरून, बाहेर गेल्याचं २०२१ मध्ये कळलं. त्यांत २०११ पासूनचे प्रवासी होते. ज्याने दहा वर्षांपूर्वी दुबईहून घरी यायचं तिकीट काढलं, त्याची माहिती दहा वर्षं कशासाठी सांभाळली? ऑगस्ट २०२५ मध्ये इटलीतल्या हॉटेलांमधून उचललेले पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे हजारो स्कॅन चोरबाजारात विकायला आले. तिथे पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवण्याचा नियम कडक आहे, पण त्यासाठी काढलेला स्कॅन काम झाल्यावर पुसायला कुणी सवड काढली नव्हती. नेदरलँड्समध्ये हॉटेलने ओळखपत्र पाहायचं असतं, त्याची प्रत काढायची नसते. तिथल्या हॉटेलांना त्याने काही अडचण आल्याचं दिसत नाही.

ठेवून घेण्यात जोखमीइतकीच सत्ताही असते, हे रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांतून माणसं आखाती देशांत जातात त्यांना समजावून सांगावं लागत नाही. भारतीय पासपोर्ट ही १९६७ च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारची मालमत्ता. तो जप्त करून अडकवून ठेवणं हे पासपोर्ट अधिकाऱ्याचं काम आहे, पोलिसांनाही तसं परस्पर करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. तरी विमानातून उतरल्यावर पहिल्याच दिवशी कफील, म्हणजे तिथला जामीनदार मालक, किंवा कंपनीचा माणूस तो मागून घेतो, ‘सांभाळायला’. तिथल्या कायद्यांनाही हे चालत नाही, पण चालतं. मग पगार थकला तरी नोकरी सोडता येत नाही, वडील वारले तरी वेळेवर पोचता येत नाही. लॉजवरची झेरॉक्स आणि कपाटात कोंडलेला पासपोर्ट यांत अंतर खूप आहे. पण ‘राहू दे माझ्याकडे’ हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे. गोव्यात भाड्याची स्कूटर घेताना ओरिजिनल लायसन्स डिपॉझिट म्हणून मागणारे भेटतात. ते देऊन टाकलं तर मग वाटेत पोलिसाला काय दाखवायचं, याचं उत्तर ‘काही होत नाही, बिनधास्त जावा’ असं असतं.

सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यात चोर कुठेच नाही. काउंटरवरचा माणूस कार्ड हातात घेतो आणि वाचतो. ‘लोकल आयडी चालत नाही’ म्हणून त्याच शहरातल्या माणसाला परत पाठवतो. बरोबरच्या बाईचं आडनाव वेगळं दिसलं की त्याच्या भुवया चढतात. काही नावं वाचून एकदम आठवतं की रूम शिल्लक नाही. चोरी यात कुठेच होत नाही, पण दार बंद होतं. पत्ता, नवऱ्याचं नाव, आडनावातून कळणारी जात, नावातून कळणारा धर्म हे सगळं एका खोलीसाठी एका रात्रीच्या भाड्यासोबत मोजून द्यावं लागतं. जो माणूस वय, आडनाव आणि चढ्या आवाजाच्या जोरावर ‘झाकलेलंच आधार देईन’ म्हणून अडून बसू शकतो, त्याला मुळात या संरक्षणाची गरज कमी असते. माझ्यासारखा माणूस वाद घालतो आणि वर त्यावर लेख लिहितो. तान्हं मूल कडेवर घेऊन शेवटच्या गाडीने उतरलेली बाई वाद घालत नाही.

म्हणूनच ‘प्रवाशाने जागरूक राहावं’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. साधनं आहेत, ती वापरावीतच. झाकलेलं आधार मोबाइलवर दोन मिनिटांत उतरवता येतं. डिजिलॉकरमधलं लायसन्स रेल्वेत २०१८ पासून चालतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी रेघ मारून लॉजचं नाव आणि तारीख घालण्याची जुनी युक्ती अजून उपयोगी आहे, कारण तसा कागद दुसरीकडे खपवणं अवघड जातं. विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो टाकायची हौस आवरावी. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी २०२० मध्ये तो टाकला, आणि त्यावरच्या बुकिंग क्रमांकावरून एका हुशार माणसाने त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर शोधून काढला. हे सगळं खरं, पण मी झाकलेलं आधार दाखवलं तेव्हा काउंटरवर काय ऐकलं? ‘काका, हे चालत नाही. पूर्ण नंबर दिसायला पाहिजे.’ अधिकृत साधन आहे आणि ते स्वीकारण्याची सक्ती मात्र कुणावरच नाही.

२०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. गरजेपुरतीच माहिती घ्या, काम संपलं की पुसा, असं तो म्हणतो, आणि दंडाची वरची मर्यादा २५० कोटी रुपये. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे आणखी दीड वर्ष. आधारचं नवं अ‍ॅप आलं आहे, त्यात हवी तेवढीच माहिती दाखवता येते, आणि हॉटेलांनी झेरॉक्स घेणं बंद व्हावं असा नियम आणण्याचं प्राधिकरणाने बोलून दाखवलं आहे. पण २५० कोटींचा दंड ऐकून स्टँडमागच्या लॉजवाल्याला काहीच वाटत नाही, जसं आपल्याला समुद्राच्या खोलीचं काही वाटत नाही. त्याला भीती वाटते ती चौकीच्या हवालदाराची. तेव्हा बदल व्हायचा तर तो हवालदाराच्या तोंडून झाला पाहिजे. पोलीस आयुक्तांच्या पुढच्या आदेशात एक ओळ वाढवावी: कार्ड पाहून, रजिस्टरात नोंदून परत द्यावं, प्रत ठेवलेली आढळल्यास कारवाई होईल. ज्या धाकाने झेरॉक्सचे गठ्ठे साठले, त्याच धाकाने ते रिकामे होतील. दिल्लीहून येणाऱ्या कायद्यापेक्षा याला खर्च कमी आणि वेळही कमी लागेल.

कोल्हापूरचा तो कागद मी घरी आणला. फाडून टाकायचा तर अडचण होती. पुढच्या बाजूला माझं बिल होतं आणि ज्या संस्थेने व्याख्यानाला बोलावलं होतं तिच्याकडे ते लावायचं होतं. शेवटी बिलाच्या बाजूची तेवढी झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागदाचे बारीक तुकडे करून टाकले. आठवड्याने संस्थेतून हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

“सर, झेरॉक्स चालत नाही. ओरिजिनल लागेल.”

ओरिजिनल आता नाही, असं मी सांगितलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, “बरं, मग बिलाशिवायच करू या काहीतरी. तुमचं आधार तेवढं व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.”